अकरा नंबरची फ्लॉपी

मच्छिंद्र सोनकांबळे आठ दिवसांपासून साहेबांना एकच गोष्ट समजावून सांगत होता, आणि आठव्या दिवशीही ती साहेबांच्या गळी उतरत नव्हती.

"म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्कवर जुन्या डॉस सिस्टीमची जागा थोडी कमी करायची आणि मोकळ्या जागेत ती नवी झेनिक्स सिस्टीम बसवायची. बांध सरकवल्यासारखं. एवढंच ना?" शरणबसप्पा म्हणाले. ते साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी. उसाची नोंद आणि तोडीचा क्रम त्यांच्याच हाताखाली.

"बांध सरकवताना पीक उभं राहतं, साहेब. हितं तसं न्हाय. आधी सगळं फ्लॉप्यांवर काढून घ्यायचं, मग डिस्क पार पुसायची, नव्यानं दोन वाटे आखायचे, अन् काढलेलं परत एका वाट्यात भरायचं. मधल्या वक्ताला डिस्कवर आपलं एक नावसुद्धा नसतंय."

"मग भरा की परत. सोमवारी यादी लागली पाहिजे, सोनकांबळे."

मच्छिंद्रनं मान हलवली.

साल होतं सत्याऐंशीचं. दसरा झाला तरी विहिरींच्या तळाला गाळच दिसत होता. औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजातून बी.कॉम. होऊन मच्छिंद्र कारखान्यात कारकून म्हणून लागला होता. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला तेव्हा सोलापूरला महिनाभर शिकून तो ऑपरेटर झाला. सहा हजार सभासदांची ऊस नोंदणी त्यानं स्वतः टाइप केली होती: नाव, गाव, गट नंबर, लागणीची तारीख. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पाणी असतं तर महिनाभर इकडं तिकडं झालेलं कुणाला कळलंही नसतं. यंदा मात्र उभा ऊस वाळत होता आणि सगळ्यांचा जीव त्या तारखेत अडकला होता.

त्यातच संचालकांनी वजनकाट्यासाठी नवा प्रोग्राम घेतला. तो झेनिक्सवरच चालायचा, आणि जुनी नोंदणी डॉसशिवाय उघडायची नाही. एकाच यंत्रात दोन्ही बसवायचं ठरलं. पुण्याहून माणूस येणार होता. त्याच्याऐवजी एसटीच्या पार्सलनं फ्लॉप्यांचा डबा आणि टाइप केलेले चार कागद आले.

शनिवारी सकाळी मच्छिंद्रनं दार लावून घेतलं. चौदा फ्लॉप्या लागल्या. एकेक घालायची, ड्राइव्हची घरघर ऐकायची, नंबर लिहायचा, पुढची घालायची. दोन संच करायचं त्याच्या मनात होतं, पण स्टोअरमध्ये दुसरा डबा नव्हता आणि सोलापूरहून यायला चार दिवस लागले असते. निदान काढलेली प्रत्येक फ्लॉपी परत वाचून बघायला हवी होती. त्यानं घड्याळ पाहिलं. चारला लाइट जाणार होती. पाठ भरून आली होती, घरी टँकरच्या रांगेत बायको सकाळपासून उभी होती. बरोबरच असतील, असं तो स्वतःशी म्हणाला आणि पुढं गेला.

सगळी माहिती नष्ट होईल, पुढं जायचं का, असं यंत्रानं विचारलं. त्यानं होकाराचं वाय दाबलं.

मग सगळं कागदावर लिहिल्याबरहुकूम झालं. डिस्कचे दोन वाटे पडले. पहिल्यात डॉस बसलं, दुसऱ्यात झेनिक्स. यंत्र बंद करून चालू केलं तर दोन्ही सुरू होत होती. आता फक्त नोंदणी परत भरायची राहिली. एक ते दहा फ्लॉप्या बिनबोभाट गेल्या. अकरावी घातली तसा ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडद्यावर वाचता येत नाही असं आलं. त्यानं परत प्रयत्न केला. फ्लॉपी काढली, झटकली, घातली. नऊ वेळा केलं. मग ती तशीच सोडून बारावी घातली, तेरावी, चौदावी. त्या चालल्या.

अकराव्या फ्लॉपीत तीन गावं होती. होनाळी, चिंचखेड आणि सालेवाडी. दोनशे बारा सभासद.

तो तसाच शरणबसप्पांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"मी तपासून बघायला पायजे व्हतं, साहेब. न्हाय बघितलं. चूक माझी हाय."

शरणबसप्पांनी चष्मा काढला. "रजिस्टरं आहेत की."

"यंदाची नोंद कॉम्प्युटरात भरून झाली, तशी रद्दीत दिली. तेरखेड्याच्या फटाकेवाल्यानं नेली."

"सगळी?"

"सगळी. आतापत्तुर त्यांचे सुतळी बाँब झाले असत्याल."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "यादी पुढच्या सोमवारी लावू. संचालकांना मी बघतो. तुम्ही गावात जा. नोंदणीची पावती प्रत्येकाकडं असते. जीप देता येणार नाही, सायकल घ्या."

पाच दिवस मच्छिंद्र सायकलीवर फिरला. गावात गेलं की पारावर बसायचं, माणसं पावत्या आणायची, तो वहीत तारीख उतरवून घ्यायचा. कुणाची पावती पत्र्याच्या पेटीत, कुणाची देवाच्या फोटोमागं. शेवटी एकोणीस लोकांकडं पावती सापडली नाही. त्यांच्या तोंडच्या तारखेवर भागवायचं होतं.

चिंचखेडचे बब्रुवान पाटील त्या एकोणिसांतले. अकरा एकर ऊस. त्यांनी खाट टाकून दिली, चहा मागवला.

"लिहा, सोनकांबळे. दिवाळीच्या पाडव्याला लागण."

मच्छिंद्रनं पेन टेकवलं नाही. शेजारच्या रानातला ऊस त्यानं येताना पाहिला होता. "पाटील, तुमच्या बांधाला लागून गोरोबा मान्यांचं रान हाय. त्यांच्या पावतीवर संक्रांतीनंतरची तारीख हाय. ते म्हणले, दोघांनी एकाच आठवड्यात बेणं आणलं."

"गोरोबाला काय आठवतंय!"

"मग बेणं ज्यानं दिलं त्याला इचारू?"

बब्रुवान पाटलांनी त्याच्याकडं एकटक पाहिलं. "तुमच्या हातानं यादी गेली, अन् आता तुमीच आमाला तारखा शिकवताव व्हय?"

हे बोलणं मच्छिंद्रला लागलं, कारण ते खरं होतं. "माझ्याच हातानं गेली," तो म्हणाला. "म्हणून तर खरी लिहायचीय." त्यानं संक्रांतीनंतरची तारीख घातली. चहा तसाच राहिला.

सालेवाडीत शेवटचं घर धुरपदाबाईंचं. साठीच्या विधवा, दीड एकर ऊस. पावती उंदरांनी खाल्ली होती. तिचे तुकडेच त्यांनी पदरात आणून दाखवले.

"लागण कधीची, मावशी?"

"येळवस झाली, त्याच्या तिसऱ्या दिशी. बैल पावन्याचं व्हतं, म्हून ध्यानात हाय."

येळवस म्हणजे वेळअमावस्या, डिसेंबरची अखेर. मच्छिंद्रनं घराच्या पाठीमागं पाहिलं. ऊस कमरेएवढाच, पानं शेंड्याकडून पिवळी. दिवाळीची तारीख घातली तर तो महिन्याभरात तुटला असता. कुणी विचारणार नव्हतं. त्यांचं बेणं कुणी दिलं हेही कुणाला माहीत नव्हतं.

"नीट आठवा, मावशी. दिवाळीला तर न्हाय ना केली लागण?"

धुरपदाबाईंना त्याचा रोख कळला. त्या उगीच हसल्या. "दिवाळीला माजं मालक गेलं, लेकरा. मी काय रानात व्हते? येळवस लिही."

त्यानं येळवस लिहिली, म्हणजे दोन जानेवारी लिहिली, आणि वही मिटून सायकलीला टांग मारली. येताना चढाला तो उतरला आणि सायकल हातानं ओढत नेली.

रविवारी दिवसभर त्यानं दोनशे बारा नावं परत भरली. संध्याकाळी यादी छापली आणि सगळं पुन्हा फ्लॉप्यांवर काढलं. या वेळी प्रत्येक फ्लॉपी परत वाचून पाहिली. सोमवारी यादी बोर्डावर लागली. तीन गावांतून एकही तक्रार आली नाही. बब्रुवान पाटील मात्र त्यानंतर मच्छिंद्रशी बोलले नाहीत.

धुरपदाबाईंचा नंबर माघात येणार होता. पौषातच मच्छिंद्रला त्या कारखान्याच्या फाटकाशी दिसल्या. एसटीची वाट बघत सावलीला बसल्या होत्या.

"मावशी, तोड अजून महिनाभर लांब हाय."

"त्याचंच सांगाय आलते हापिसात. माजं नाव काढून टाका म्हनलं. वाळाय लागला व्हता. तोडून जनावरांच्या छावनीला चारा म्हून दिला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "येळवशीला लागण करायची चूक माजी. तुजी न्हाय."

मच्छिंद्रनं आत जाऊन माठातलं तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या ते सावकाश, एक थेंब न सांडता प्यायल्या. एसटी आली, तसा त्यानं पिशवी उचलून त्यांना वर चढवलं, आणि मग खोलीत येऊन यंत्र चालू केलं. डॉस की झेनिक्स, कुठलं सुरू करायचं, असं यंत्रानं विचारलं. मच्छिंद्रनं डॉस निवडलं, सालेवाडीची फाइल उघडली आणि धुरपदाबाईंच्या नावापुढं लिहिलं, रद्द.