रेषेजवळचा माणूस

मैदानाच्या पन्नाशीनिमित्त रविवारच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात तो जुना गोल पुन्हा दाखवायचा असं ठरलं. तो गोल तिच्या वडिलांनीच, रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या साहाय्यक पंचांनी, नाकारला होता.

ती मैदानाच्या चित्रण विभागात होती, आणि काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं. प्रेक्षकांनी तिच्या विभागाचे चष्मे लावले की समोरच्या खऱ्या गवतावर त्यांना जास्तीचं काहीबाही दिसायचं. पळणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर त्याचं नाव, चेंडूच्या मागे त्याच्या वाटेची उजळ रेघ. आता त्याच चष्म्यांतून, त्याच गवतावर, सव्वीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याचं शेवटचं दीड मिनिट दिसणार होतं. चार कॅमेऱ्यांच्या जुन्या फिती घेऊन ती तीन आठवडे तळघरातल्या खोलीत बसून होती. मंगळवारी दुपारी एकदाचा चेंडू जागेवर बसला. तिने तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला. चेंडू गोलरेषेच्या आत होता, चांगला वीतभर.

तिने सगळी मापं पुन्हा घेतली. वीत काही कमी होईना.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दारावर कुणीतरी काळा रंग ओतला. फोन वाजला की आई हातातलं टाकून तो उचलायची, म्हणजे शिव्या पोरीच्या कानावर पडायला नकोत. ज्याचा गोल गेला तो डावखुरा खेळाडू पुढच्या हंगामात संघाबाहेर फेकला गेला. वडिलांनी झेंडा खाली ठेवला तो कायमचाच, आणि नकाशे काढायच्या नोकरीत मान खाली घालून निवृत्तीपर्यंत दिवस काढले. कुणी विषय काढलाच, तर एकच वाक्य बोलायचे, "मी पाहिलं होतं. चेंडू रेषेवर होता." त्या वाक्याच्या जिवावर तिने शाळेत मारामाऱ्या केल्या होत्या.

ती साहेबांकडे गेली. "दुसरा एखादा गोल घेऊ या का?"

"लोकांना हाच बघायचाय," साहेब म्हणाले. ती कुणाची मुलगी हे त्यांना ठाऊक होतं. आवाज खाली आणून ते पुढे म्हणाले, "हवं तर झेंडेवाला काढून टाक. त्याच्याकडे कोण बघतंय?"

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वडील सदऱ्याला इस्त्री करत होते. तिने चपलाही न काढता सगळं सांगून टाकलं, साहेबांचं म्हणणंही.

"किती आत?" त्यांनी विचारलं.

"वीतभर, बाबा."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. सदऱ्याची कॉलर हाताने सरळ केली. मग म्हणाले, "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या मैदानावर ते कोपऱ्याच्या झेंड्यापासून चार पावलं चालले आणि थांबले. तेव्हा ते उभे होते त्या जागेची मापं तिने काढून आणली होती. ती उघडून बघायची गरज पडली नाही. तिने त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, आपलाही लावला आणि सामना सुरू केला.

गवतावर माणसं धावू लागली. डावखुरा उजव्या बाजूने आत शिरला, पडता पडता त्याने लाथ मारली. त्याच क्षणी एक धिप्पाड बचावपटू मध्ये आला आणि त्याच्या पाठीआड चेंडू दिसेनासा झाला. दिसला तो रेषेबाहेर उसळून आल्यावरच.

तिच्या छातीवरचा दगड उतरला. "बघा! तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. तो आडवा आला, तुम्ही काय करणार? तुमची चूकच नव्हती, बाबा!"

वडिलांनी चष्मा काढला. "हे मला तेव्हाही माहीत होतं."

"म्हणजे?"

"मुख्य पंच धावत आला. म्हणाला, पाहिलंस? दिसलं नाही म्हणालो असतो, तर त्याने दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. पण सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. न दिसणारा माणूस इथे उभा कशाला केला, असं म्हणतील, वाटलं. म्हणून म्हणालो, पाहिलं. एकदा म्हणालो, मग म्हणतच राहिलो. तुलाही तेच सांगितलं."

"मी पोरांना मारलंय तुमच्यासाठी. माझी बोटं फुटली होती."

"ठाऊक आहे. पट्टी मीच बांधली होती."

दोघं फाटकापर्यंत आली. तिथे वडील थांबले. "रविवारी मला चित्रातून पुसू नकोस. जिथे होतो तिथेच उभा कर. आणि तो डावखुरा येणार असेल, तर मला त्याच्या जवळपास जागा बघ."

रविवारी मध्यंतरात हजारो चष्मे एकदम मैदानाकडे वळले. तिने कळ दाबली. चेंडू आत गेला, रेषा लाल झाली आणि सगळं मैदान उसळलं. मग लोकांना झेंडेवाला दिसला. तो ठामपणे नकारार्थी मान हलवत होता. हुर्यो उठली. खालच्या रांगेत वडील चष्मा लावून शेवटपर्यंत ताठ बसले होते.

काम सोबत्यावर सोपवून ती जिन्याने धावत खाली आली. वडील डावखुऱ्यासमोर उभे होते. तो आता पन्नाशीपार गेलेला, जाडसर गृहस्थ होता आणि एका शाळेत खेळ शिकवायचा.

"मला चेंडू दिसला नव्हता," वडील म्हणाले. "दिसला म्हणून मी खोटं बोललो. तुम्हाला सांगायला सव्वीस वर्षं लावली."

डावखुऱ्याने मांडीवरच्या चष्म्याची काच अंगठ्याने पुसली. "माझी आई जाईपर्यंत विचारायची, खरंच आत होता का रे? मी छातीठोकपणे हो म्हणायचो. मी तर तोंडावर पडलो होतो. मलाही कुठे काय दिसलं होतं? आज ती हवी होती."

"माफ करा," वडील म्हणाले.

"इतक्यात नाही जमायचं," डावखुरा शांतपणे म्हणाला. "पण आलात, हे बरं केलंत."

वडिलांनी मान डोलावली. जिना चढताना तिने त्यांचा दंड धरला. मनातला राग गेला नव्हता, तरी तिने दंड घट्ट धरून ठेवला. मागे खेळाडू पुन्हा मैदानात उतरत होते.