जुन्या दमसासची शेवटची चढाई

खेमा झाली तेव्हा तिच्या कुशीला पडल्या पडल्या मी ‘दमसास’ शिकले. खेळ साधा, मोबाईलवरची कबड्डी. पडद्यावर अंगठा टेकवला की आपला गडी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत निघायचा, अंगठा सरकेल तिकडं जायचा, समोरच्याला शिवून मध्यरेषेच्या अलीकडं यायचा. मधेच अंगठा उचलला की दम तुटला, गडी बाद. दुसरं बटण नाही, भानगड नाही. बाळंतिणीचा एक हात लेकराखाली दबलेला असतो आणि दुसऱ्याची चार बोटं कशात ना कशात अडकलेली. एक अंगठा तेवढा मोकळा. हा खेळ ज्यानं काढला त्याच्या घरात त्या वेळी नक्की तान्हं लेकरू असणार, असं मला वाटायचं.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाई विठाबाईंना, तसं काही वाटायचं नाही. “बापानं बीएस्सी शिकवली, अन् इथं येऊन अंगठाबहाद्दर झाली,” असं त्या शेजारणीला माझ्यादेखत सांगायच्या. मामा, म्हणजे सासरे तात्याराव, काहीच बोलायचे नाहीत. ते परंड्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. जन्मभर माईकवर बोलल्यामुळं घरात गप्प बसायची त्यांना हौस होती.

स्टँडसमोर धोंडप्पाअण्णांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिथं बसची वाट बघता बघता लोक दमसास खेळायला लागले आणि त्यातून वर्षाची एक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी शेवटचा सामना माझा आणि रणधीरचा झाला. रणधीर दूध डेअरीत फॅट बघतो. तो जिंकला. दुसऱ्या वर्षी परत आम्ही दोघंच, मी जिंकले. त्या दिवशी भरल्या हॉलमध्ये कुणीतरी ओरडलं, “उत्पलावहिनींची चढाई हाय, गप बसा.” एरवी मी खेमाची आई, राजपालची मंडळी, तात्यारावांची सून. वर्षातून एकदा अख्खी गर्दी मला माझ्या नावानं ओळखते, त्याची मला चटक लागली होती. तिसऱ्या वर्षाचा सामना मला पाहिजेच होता.

आणि नेमकी तेव्हाच कंपनीनं घोषणा केली. कंपनी कुठल्या तरी मोठ्या शहरातली. तिचं चिन्ह गॉगल घातलेला कोल्हा, म्हणून परंड्यात तिला सगळे ‘कोल्हेवाले’ म्हणतात. कोल्हेवाल्यांनी ‘दमसास महा’ नावाचा नवा खेळ काढला होता. महिनाअखेरीला जुना बंद. बंद म्हणजे उघडायचाच नाही, उघडायला गेलं की नवाच घ्या म्हणणार. नव्यात दोन्ही हात लागत. फोन भारीतला लागे. आणि अंगठा टेकवून ठेवायची गरजच नव्हती, कारण दम विकत मिळत होता.

“दम इकत?” रणधीर म्हणाला. “मग म्हशीला बसवा की खेळायला. पैसे मालक भरंल.”

जुना बंद व्हायच्या आत एकदा स्पर्धा घ्यायची, असं दुकानात ठरलं. पण तिथंही कोल्हा आडवा आला. स्पर्धेसाठी खेळात एक ‘खोली’ उघडावी लागते. खोली उघडली की सगळे खेळाडू तिच्यात जमतात आणि सामना मोठ्या पडद्यावर दाखवता येतो. आतापर्यंत ती कुणालाही उघडता येत होती. आता परवाना लागणार होता.

परवान्याचं बोलायला कंपनीच्या ॲपमध्ये ‘किया’ होती. कानाला हेडफोन लावलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो आणि खाली चटाचट उत्तरं. इंग्रजी लिहायचं म्हणून अण्णांनी मला बसवलं. मांडीवर खेमा, एका हातानं टायपिंग.

“आधी इचार, जेवण झालं का,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, परवान्याचं विचारायचंय.”

“इचारू की. पण आल्या आल्या कामाचं बोलायचं, हे काय बरं दिसतं?”

मी विचारलं. किया म्हणाली, तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे.

अण्णा भारावले. “बघ. आपल्या तालुक्यात कुठल्या हापिसात म्हणतंय का कुणी असं?”

“अण्णा, ही माणूस नसावी. मशीन उत्तर देतंय.”

“मशीनला नाव कशाला ठेवतील? अन् फोटो हाय की.” मग हळू आवाजात, “दिवसभर बसून असती बिचारी. इचार, गाव कंचं.”

कियानं गाव सांगितलं नाही, परवान्याच्या अटी पाठवल्या. कोल्हा ठळक दिसला पाहिजे, बॅनरचा फोटो आधी पाठवला पाहिजे, वगैरे. मी सगळ्या अटी अण्णांना वाचून दाखवल्या. त्यातली एक त्यांनी ऐकली, ती म्हणजे बॅनर.

बॅनर काढायचा म्हटलं की परंड्यातल्या माणसाला बाकी काही सुचत नाही. चार दिवसांत स्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स उभा राहिला. वर ‘भव्य दमसास महासंग्राम’. खाली शुभेच्छुक. दूध संघाचे चेअरमन, दोन माजी नगरसेवक आणि एक भावी, दाताचे डॉक्टर, हॉल फुकट देणारे अण्णांचे साडू, अण्णांचे जावई काळा चष्मा लावून मोबाईलवर बोलताना. एकाचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता, तेही त्यातच उरकलं होतं. आणि सगळ्यांच्या मधोमध, चेअरमनपेक्षाही बोटभर मोठा, हेडफोन लावलेल्या मुलीचा फोटो. खाली लिहिलं होतं, ‘प्रमुख मार्गदर्शिका, मा. कियाताई’. कोल्हा तळाशी, छपाईवाल्याच्या फोन नंबरशेजारी होता.

“धाड फोटो तिला,” अण्णा म्हणाले. “खूश होईल पोरगी. आजवर कुणी फ्लेक्सवर घेतलं नसंल.”

मी पाठवला. किया म्हणाली, हे योग्य विभागाकडं पाठवते.

दुसऱ्या दिवशी शंतनू नावाच्या माणसाची मेल आली. कोल्हा दिसत नाही. खेळातल्या गड्यांशिवाय कुणाचाही चेहरा चालणार नाही. पुढाऱ्यांचा तर नाहीच. आणि आमच्या सहायिकेचं चित्र कुणाच्या परवानगीनं वापरलं? दोन दिवसांत सगळे चेहरे काढून नवा फोटो पाठवावा, नाहीतर खोली मिळणार नाही.

मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. खेमा झोपली होती आणि कुकरची शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात. लिहिलं की साहेब, आमच्याकडं फ्लेक्सवर चेहरा लावणं सोपं आहे, काढणं सोपं नाही. लग्न मोडलं तर लोक वर्षभरात बोलायला लागतात, फ्लेक्सवरून काढलं तर नातवंडंसुद्धा बोलत नाहीत.

त्याचं उत्तर लगेच आलं, आणि तेही मराठीत. ‘ताई, मी कळंबचा आहे. मला सगळं कळतं. माझे मामा येरमाळ्याच्या फ्लेक्सवर दरवर्षी असतात. पण नियम माझ्या हातात नाही.’

संध्याकाळी दुकानात बैठक बसली. मीही गेले, खेमाला कडेवर घेऊन. मामा स्टँडवर फेरी मारायला आले होते, ते पायरीवर टेकले.

“चेअरमनचा फोटो काढला तर डेअरीत माझं काय होईल?” रणधीर म्हणाला.

“अन् जावयाचा काढला तर माझ्या पोरीचं?” अण्णा म्हणाले.

“मग स्पर्धा नाही घ्यायची का?” मी विचारलं. माझा आवाज जरा चिरका निघाला असावा, कारण खेमा माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मला उगीचच रडू यायला लागलं होतं. एवढ्या तेवढ्या खेळासाठी बाईमाणूस दुकानात रडलं, असं व्हायला नको म्हणून मी तिचा फ्रॉक नीट करत बसले.

मामांनी घसा साफ केला. घरात महिन्यातून एकदा करतात तसा.

“कोल्हा काढा,” ते म्हणाले.

“आं?”

“फ्लेक्सवरनं एकच काढायचा असंल तर कोल्हा काढा. त्याचा कुणी भाऊबंद परंड्यात न्हाय.”

मग रणधीर म्हणाला, “पण मामा, खोलीचं काय?”

खोलीवाचून खेळायची एक रीत होती, मलाच तेव्हा आठवली. जुन्या दमसासमध्ये ‘शेजारी’ म्हणून एक सोय आहे. दोन फोन शेजारी शेजारी ठेवले की इंटरनेट लागत नाही, कंपनी लागत नाही, दोघांत सामना होतो. फक्त मोठ्या पडद्यावर काही दिसत नाही. ज्याच्या फोनात त्याला दिसणार, गर्दीनं बघायचं काय?

“कुणीतरी मागं उभं राहून सांगायचं,” मी म्हणाले. आणि सगळ्यांनी एकदम मामांकडं पाहिलं.

कोल्ह्यावर आणि खेळाच्या नावावर पांढरा कागद चिकटवून ‘अंगठा कबड्डी’ असं लिहिलं. कियाताईंचा फोटोही कंपनीचाच आहे, तोही झाकावा, असं मी सुचवून बघितलं. अण्णा ऐकेनात. “तिनं काय केलंय? ती नोकरी करती. नियम त्या शंतनूचा.” शेवटी त्यांनी तिच्या नावावर कागद लावला आणि डोळ्यांवर जावयासारखा काळा चष्मा रंगवला, म्हणजे कुणी ओळखायला नको.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला. राजपाल कुर्डुवाडीहून रजा टाकून आला आणि दारात चहा वाटायला उभा राहिला. आत्या खेमाला सांभाळायला म्हणून आल्या. “मला काय त्यातलं कळत न्हाय,” असं सांगून पहिल्या रांगेत बसल्या.

मामा माईक घेऊन खेळाडूंच्या मागं उभे राहिले. निवृत्तीनंतर हातात पहिल्यांदाच माईक आला होता. ते बोलले तसा स्टँडवरचा कंडक्टरसुद्धा आत डोकावला.

“कृपया लक्ष द्या. डेअरीचे रणधीर यांची चढाई थोड्याच वेळात सुटत आहे. चढाई उजव्या कोपऱ्यामार्गे जाईल. मधे कुठंही थांबणार न्हाय.”

लोक हसले, मग हसायचे थांबले, मग ऐकायला लागले. पडद्यावर बघताना कुणी एवढं गप्प बसत नसे. सगळ्यांचे डोळे मामांच्या तोंडावर. एक गडी पकडला गेला की मामा म्हणायचे, “सदर चढाई रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.” मागून टाळ्या पडायच्या.

शेवटचा सामना माझा आणि रणधीरचाच आला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. मी अंगठा टेकवला. गडी निघाला. माझ्या कानात मामांचा आवाज येत होता, “उत्पला तात्याराव... दुरुस्ती, उत्पला राजपाल यांची चढाई मध्यरेषेवरून निघालेली आहे,” आणि रणधीरचे गडी दोन्ही बाजूंनी सरकत होते. मी डाव्या कोपऱ्याला हुलकावणी दिली, एकाला शिवले, वळले. रेषा बोटभर लांब होती.

खेमानं भोकाड पसरलं.

मी वर बघितलं. नुसतं बघितलं, पण मान वर गेली तसा हात गेला आणि हातासोबत अंगठा. रणधीरच्या फोनातून तुतारी वाजली.

“दम तुटला,” रणधीर म्हणाला. त्याला आनंद झाल्यासारखा दिसला नाही. “बाद हाय, वहिनी.”

आत्या खेमाला घेऊन उभ्या राहिल्या. “बाद कशी? लेकरू रडलं की आईचा हात उचलतोच. त्याला काय बाद म्हणत्यात?”

“आत्या, फोन म्हणतोय बाद,” मी म्हणाले.

“फोनला लेकरं हायेत का?”

कंपनीच्या नियमात काय आहे, असं कुणीतरी मागून विचारलं, तर अण्णा म्हणाले, “कंची कंपनी? तिचा कोल्हा झाकलाय आपण.” मग सगळे मामांकडं वळले. मामांनी थोडा विचार केला आणि माईक तोंडाशी नेला.

“कृपया लक्ष द्या. लेकरू रडल्यास चढाई परत सोडण्यात येईल.”

फोनात डाव नव्यानं लावला, गुण मामांनी तोंडी धरले. मी पुन्हा निघाले. या वेळी खेमा आत्यांच्या मांडीवर बिस्कीट खात होती, तिचा आवाज नव्हता. मी एकाला शिवले, आणि परत फिरायचं सोडून दुसऱ्याच्या मागं गेले. हावच ती. रणधीरच्या तिघांनी मला मधोमध धरलं. अंगठा टेकलेला होता, दम होता, पण गडी हलेना. तुतारी वाजली. चूक माझी, त्यात वाद नव्हता.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. सगळ्यांच्या ध्यानात आलं असावं. झालं, संपलं. दोन दिवसांनी महिना संपणार, मग हे उघडायचंही नाही. अण्णा फेटा घेऊन पुढं आले आणि बांधायचा सोडून उभेच राहिले. मला हरल्याचं वाईट वाटत नव्हतं. अंगठा तेवढा काचेवरून उचलवेना.

रणधीरनं फोन पालथा घातला, परत सुलटा केला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मधी खेमा रडली का?”

“नाही.”

“मला ऐकू आल्यासारखं झालं.”

आत्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच खेमाच्या मुठीतलं बिस्कीट काढून घेतलं.

खेमानं असा सूर लावला की दारातला राजपाल चहाचं ताट टाकून धावत आला. मामांनी घाईघाईनं माईक उचलला, रणधीरनं फोन माझ्या फोनाला चिकटवला, आणि मी अंगठा साडीला पुसून टेकवला.