उठवायचं गाणं

"परत म्हण ना आई. मी अजून उठली नाही."

सहा वर्षांची योगिता डोळे घट्ट मिटून मढ्यागत पडून राहायची. नंदुरबारहून सुरतेच्या भेस्तानला आल्यावर पहिल्या खोलीतली ती रोजची सकाळ. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, आणि मंगलाबाई तिच्या कानाशी वाकून ओवी म्हणायची. दुसरी ओळ संपली की पोर खुदकन हसून उठून बसायची.

ती योगिता आज पांढऱ्या साडीत पडली होती. काविळीने नऊ दिवसांत नेली. तिने बाप्तिस्मा घेतला होता. म्हणून नवरा लखन तिला जाळणार नव्हता, मातीच देणार होता.

मयताच्या घरी म्हणायचं मंगलाबाईचं रडगाणं भेस्तानात नावाजलेलं. बायका म्हणत, ती रडली तर मेलेलाही डोळे पुसेल. आज मात्र ती गप्प होती.

"वहिनी," दीर सुकलाल म्हणाला, "लोकांच्या मढ्यावर तास तास रडतेस. पोटच्या पोरीवर मुकी?"

"रडगाण्याची शेवटची ओळ माहीत आहे ना, भाऊजी? 'वाट मोडली गं बाई, मागं फिरू नको.' ती मी हिला म्हणणार नाही."

"मग उद्यापासून समाजात तुला कोणी दारात उभी करणार नाही."

"नका करू. मी माझ्या दारात उभी राहीन."

कब्रस्तानात पाळकांची प्रार्थना झाली. लखनने पहिली मूठ टाकली. मंगलाबाई खड्ड्याच्या कडेला बसली, पदर कमरेला खोचला आणि गळा मोकळा केला:

ऊठ ऊठ लेकी, पूर्वेला तांबडं फुटलं,
रातीच्या झोपेचं, गाठोडं आपसूक सुटलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुकलाल पुढे आला. "वहिनी, भान ठेव. मेलेल्याला कोणी उठवतं का?"

"मी कुठे उठवते? उठवणारा येईल तेव्हा येईल. हिला पहिल्या हाकेला उठायची सवय नाही, म्हणून गाणं ध्यानात राहू देते."

तिने तीच ओवी पुन्हा म्हटली, आणखी मोठ्याने. मग हात मातीवर टेकले.

साड्यांचे धागे कापता कापता योगिता किती वेळा विचारायची, आई, तूही प्रभूकडे येशील ना? तिथे भेटशील ना? आणि मंगलाबाई म्हणायची, आधी भाकर खा.

"योगे," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "येईन मी. माझाही भरवसा आहे त्याच्यावर. कधीचा आहे. भेटू आपण."