नाव आतल्या बाजूला

मित्रांनो, मी कॉम्प्युटरच्या टेबलावरचा डावा स्पीकर. जुना म्हणा, भंगार म्हणा, मला आता फरक पडत नाही. सध्या माझा मुक्काम रत्नागिरीत, मांडवीतल्या एका घराच्या पडवीत, गोणपाटाच्या पोत्यात आहे. भंगारवाला उद्या-परवा येईल. तोवर बोलून घेतो. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं बोललो, एकदा माझं ऐका. पण गोड ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. गोड वाजलो त्याची शिक्षा कोणाला झाली, तेच तर सांगायचं आहे.

मी दुकानातून तयार आलेलो नाही. मी खोक्यातून सुटा आलो. आवाज काढणारे दोन मोठे गोल पडदे, दोन छोटे, तारांची वेटोळी, सर्किटची एक हिरवी पट्टी आणि मापांचा एक कागद, एवढंच त्या खोक्यात होतं. पेट्या ज्याने त्याने आपल्या आपण करायच्या. खोकं मागवलं होतं ह्या घरातल्या पोरीने, वेदिकाने. तिची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि शेजारच्या मुलांच्या शिकवण्यांतून साठवलेले पैसे तिने ह्यात घातले होते.

भागोजी सुताराकडे जाऊन तिने उरलेलं प्लायवूड मागून आणलं. पुढच्या बाजूला जुन्या दाराची फणसाची फळी लावली. भागोजी हसला, "काय गो पोरी, कबुतरांची खुराडी करतेस काय?" पण करवत कशी धरायची तेही त्यानेच दाखवलं. सांधे आवळून धरायला शिकंजे कुठून आणायचे? तिने सुंभाने आम्हाला करकचून बांधलं आणि डोक्यावर जांभ्याचा एकेक चिरा ठेवला. आत भरायला जुन्या उशीतला सावरीचा कापूस काढला. त्यावरून तिच्या आईची, कुसुमताईंची, बोलणी खाल्ली. हाताला चटके बसले, नखात गोंद वाळला. पण काम कसं? एका रेषेत.

मी आणि माझा जोडीदार उजवा, आम्ही पहिल्यांदा वाजलो तेव्हा आवाज अगदीच पातळ निघाला. खर्ज नाहीच. एकेकट्याला वाजवलं तर दोघेही ठणठणीत! वेदिका एक अख्खी दुपार जेवायला उठली नाही. शेवटी तिने माझे चार स्क्रू काढले, पडदा बाहेर घेतला आणि तिला चूक सापडली. माझ्या आतल्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. उजवा पुढे ढकली तेव्हा मी मागे ओढत होतो, आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खात होता. तिने सोल्डरिंग उकललं, तारा बदलल्या. आत दिसावं म्हणून बॅटरी कोणी धरली होती, माहीत आहे? तिच्या वडिलांनी. राजाभाऊंनी. कार्यालयातून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या. हे नीट लक्षात ठेवा.

मग आमचा आवाज जुळला. असा जुळला, की राजाभाऊ म्हणाले, "वेदू, हा खर्ज आपल्या घरात मावतोय कसा गो?" तिला नाव लिहायचं होतं. कुसुमताई म्हणाल्या, "बाहेर कशाला नाव-बिव? शाळेचं दप्तर आहे काय ते?" म्हणून तिने पडदा पुन्हा एकदा काढून माझ्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: 'वेदिका. १२ एप्रिल, मांडवी. डावा-उजवा जुळले.' वर कापूस, वर पडदा, चार स्क्रू.

तिचा मोठा भाऊ सर्वेश दोन वेळा नापास होऊन घरी होता. त्याने आमच्यासाठी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. उजव्याला पॉलिशचा एक हात त्याने मारला. एकच.

मे महिन्यात राजाभाऊंचे आतेभाऊ उन्मेषकाका आंबे न्यायला ठाण्याहून आले. त्यांचा स्पीकर बनवायचा छोटा कारखाना आहे. येऊन टेबलाशी बसले, एक जुनं भजन लावलं आणि डोळे मिटले. मित्रांनो, मी त्या दिवशी जीव ओतून वाजलो. मला वाटलं, जाणकार माणूस आलाय, आपल्या पोरीचं सोनं होईल. काय अक्कल माझी!

"वा! राजा, हे कोणी केलं रे?" काकांनी विचारलं.

"आमच्या सर्वेशने," कुसुमताई चटकन म्हणाल्या.

वेदिका कोकम सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. काका सांगत होते, "अशी जुळणी माझ्याकडच्या जुन्या कारागिरांना जमत नाही. मला एक हात हवाच आहे. ह्याला मी नेतो. काम शिकवतो, संध्याकाळच्या डिप्लोमालाही घालतो. राहायला माझ्याच घरी." वेदिकाला आयुष्यात एवढं एकच हवं होतं, आणि ते तिच्यासमोरून दुसऱ्याच्या ताटात वाढलं जात होतं. ती पुढे झाली. "काका, ते खरं तर..."

"वेदू," राजाभाऊ म्हणाले, "काकांना गार पाणी आण गो."

ज्यांनी बॅटरी धरली होती ते राजाभाऊ! ती वडिलांकडे बघत राहिली. त्यांनी पेपर उचलून तोंडापुढे धरला. सर्वेशही मान खाली घालून बसला. आणि मी? मी भजन बिनचूक वाजवत होतो. एकदा घरघरलो असतो, खरखर केली असती, तर काका म्हणाले असते, जमलं नाही पोराला. पण मी जितका सुरेल वाजलो तितकं तिचं नुकसान झालं. त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची शिसारी आहे.

स्वयंपाकघरात कुसुमताई तिला समजावत होत्या, "तुझं काय, तू उद्या दुसऱ्याच्या घरी जायचीस. त्याचं आधी मार्गी लागायला नको?" राजाभाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षी तुला पाठवतो." पुढचं वर्ष आलं आणि गेलं. कोणी विषय काढला नाही.

सर्वेश तिसऱ्या महिन्यातच ठाण्याहून परत आला. काकांनी त्याच्या हातात सोल्डरिंगची पेन्सिल दिली, तर म्हणे त्याने ती तापलेल्या टोकाकडून धरली. घरी येऊन सांगितलं, काका नुसती खोकी उचलायला लावतात. काकांनी मात्र फोनवर एवढंच विचारलं, "राजा, ते स्पीकर नक्की ह्यानेच केले होते ना?" राजाभाऊ म्हणाले, "हो, हो." तेव्हा तरी सांगायचं होतं, पोरीची जागा अजून रिकामी होती! पण एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्या वेळी जास्त घट्ट बोलतो.

दोन वर्षांनी वेदिकाचं लग्न झालं. लांजाला दिली, काजूच्या दुकानवाल्यांकडे. माणसं वाईट नाहीत. जाताना तिने एकच मागितलं, "आई, ते स्पीकर नेऊ?" कुसुमताई म्हणाल्या, "अगो, दादाचे ना ते?" त्या मुद्दाम बोलल्या नाहीत, त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. पाहुण्यांना सांगायचं खोटं घरच्यांनीच गिळलं होतं.

एका गणपतीत सर्वेशने आम्हाला उचलून पडवीत नेलं, आणि परत टेबलावर ठेवताना माझ्या पाठीमागच्या तारा उलट जोडल्या. झालं! पुन्हा तोच पातळ आवाज. महिनोन् महिने आम्ही असे वाजलो, घरात एकालाही पत्ता लागला नाही. पुढच्या गणपतीत वेदिका माहेरी आली. मोदकांची उकड मळत होती. तिने आतूनच ऐकलं आणि हात पुसत बाहेर आली.

"दादा, डाव्याच्या तारा उलट लागल्यात."

"तुला काय कळतंय गो त्यातलं? जा, तू मोदक बघ."

राजाभाऊ तिथेच बसले होते. ह्या वेळी हातात पेपरही नव्हता. ते फुलवाती वळत राहिले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती एकटी टेबलाशी आली. माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन तारा बदलायच्या, एका मिनिटाचं काम. मी म्हटलं, कर गो बाय, कर. तिने तारांना बोट लावलं आणि काढून घेतलं. "राहा असाच," म्हणाली. रडली नाही. मला ते फार लागलं, पण तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पुढे सर्वेशने बिनतारी काहीतरी विकत आणलं आणि आम्ही माळ्यावर गेलो. उजव्याचा पडदा उंदरांनी खाल्ला. परवा माळा साफ करायला काढला. राजाभाऊ आता निवृत्त झाले आहेत. त्यांना वाटलं, पेटी मजबूत आहे, भाजीचं बी ठेवायला होईल. त्यांनी माझे चार स्क्रू काढले, पडदा ओढला, कापूस बाहेर घेतला आणि आत बॅटरी मारली.

तीच बॅटरी होती, मित्रांनो.

त्यांनी वाचलं. ओठ हलताना मी पाहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस लांजाला फोन लावील. आता तरी म्हणेल, वेदू, माझं चुकलं गो.

आतून कुसुमताईंनी हाक मारली, "काय हो, आहे का आत काही कामाचं?"

"काही नाही गो," राजाभाऊ म्हणाले. "कापूस आहे नुसता."

त्यांनी कापूस परत कोंबला, पडदा बसवला आणि चारही स्क्रू घट्ट आवळले. बी ठेवायचं राहिलंच. मला ह्या पोत्यात घातलं.

तर मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला ओलीपासून जपा, हे सगळं तुम्हाला शाळेत सांगतीलच. मी वेगळं सांगतो. तुमच्या हाताने काही घडवलंत, तर नाव बाहेरच्या बाजूला लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. आई म्हणेल बरं दिसत नाही, तरी लिहा. आणि तुमच्यासमोर दुसऱ्या कोणी काही घडवलं असेल, बॅटरी तुम्ही धरली असेल, तर विचारणाऱ्याला त्याचं नाव सांगा. पाणी आणायला पाठवू नका.

माझ्या पोटात अजून ते नाव आहे. पेन्सिलीचं आहे, पण कापसाखाली होतं म्हणून पुसलेलं नाही. भंगारवाला लोहचुंबक काढून घेईल आणि पेटी चुलीत घालील.