टाकलेले दोन एक्के

चष्मेवाल्याला भाऊजींनी जिन्यातच बजावलं होतं, "हे बघ, बरी पानं आली तर खेळ आणि हर. फारच चांगली आली तर सरळ टाकून दे. वर बसलाय तो माणूस हरायला शिकलेला नाही."

"मग मला कशाला आणलंत भाऊजी?"

"मालकांनी बोलावलंय. त्यांना नाही म्हणायची तुझी छाती आहे? माझी तर नाही."

भाऊजी, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान, मालकांच्या लाकडाच्या वखारीत मुकादम होते. चष्म्याचं दुकान होतं ती जागाही मालकांचीच. गेल्या वर्षी वरच्या खोलीतच एका सुताराने मालकांना एका डावात साफ केलं आणि वर मोठ्याने हसला. त्यानंतर त्याला गावात कुठे एक फळी मिळेना. दुकान बंद करून तो कुठे गेला, हे कुणी विचारलंही नाही. विचारणार कोण? भीक नको पण कुत्रं आवर, अशी सगळ्यांची गत.

वखारीच्या वरची खोली. रविवारची दुपार असल्यामुळे खालची करवत बंद होती, पण भुशाचा वास खुर्च्यांच्या गाद्यांतसुद्धा मुरलेला. टेबलाभोवती मालक, ठेकेदार, डॉक्टर, भाऊजी आणि हा. खेळ चार पानांचा पोकर. हातातली चार, टेबलावर पाच. आपली दोन आणि टेबलावरची तीन मिळून हात बनवायचा. बोली मात्र मधल्या ढिगाएवढीच, त्याहून एक चकती जास्त नाही. मालकांना हाच नियम आवडायचा. सगळं एकदम लावून कुणाला पळवून लावता येत नाही. आच हळूहळू वाढत जाते.

चष्मेवाला हा खेळ फोनवर खेळून खेळून चांगला तयार झाला होता, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्याच डावात डॉक्टर दोन एक्के घेऊन हरले, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "नुसते एक्के कामाचे नाहीत डॉक्टर. सोबतची दोन पानंही जुळणारी हवीत." टेबलाखाली भाऊजींनी त्याचा पाय चेंगरला.

मालकांनी मान वर करून फक्त पाहिलं.

पुढे तासभर तो शहाण्यासारखा हरत राहिला. मग डॉक्टरांनी पानं वाटली आणि त्याने कोपरे उचलून पाहिलं. इस्पिकचा एक्का, इस्पिकचा राजा. बदामचा एक्का, बदामचा राजा.

असा हात फोनवरही त्याला कधी आला नव्हता. एरवी माणूस खुर्चीवरून उडाला असता. याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मधे आहे तेवढं," मालक म्हणाले आणि चकत्या पुढे सरकवल्या. ठेकेदाराने पानं टाकली. डॉक्टरांनी टाकली. भाऊजींनी टाकली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू याच्या कपाळावरच एक्के छापले होते.

त्याने पानं टाकली. पण घाई नडली. एक पान उलटलं. इस्पिकचा एक्का.

मालकांचा पंजा त्या पानांवर पडला. एकेक करून त्यांनी बाकीची तीन उलटली.

"ही टाकलीस?"

"मला... नीट कळलं नाही, मालक."

"मघाशी डॉक्टरांना शिकवत होतास की."

मालकांनी ठेकेदाराची पानं उलटली. दोन राण्या, दोन गुलाम. मग स्वतःची उघडली. सत्ती, चौकी, तिर्री, नव्वी. चारी वेगवेगळ्या रंगांची. निव्वळ कचरा.

"किती वर्षं चाललंय हे?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि चष्मेवाल्याला त्याचीच जास्त भीती वाटली. ठेकेदार नखं बघत बसला.

"ही तुझी पानं, ही माझी. डॉक्टर, राहिलेली पिसा आणि मांडा. हा डाव पुरा होणार."

पहिली तीन आली. सत्ती, चौकी, दस्सी. मालकांच्या दोन जोड्या जमल्या. चष्मेवाल्याने मनातल्या मनात हात जोडले. हरू दे, देवा, एवढा एक डाव हरू दे. चौथी आली राणी. तो श्वास सोडणार, एवढ्यात पाचवं पान पडलं. दुसरी दस्सी.

एक्क्यांची जोडी आणि दस्स्यांची जोडी. मालकांच्या हातापेक्षा वरचढ. त्याच्या पाठीवरून घामाची धार उतरली.

"मालक जिंकले," ठेकेदार घाईघाईने म्हणाला. "दोन जोड्या." डॉक्टरांनीही मान डोलावली.

मालकांनी तिकडे पाहिलंही नाही. "तू सांग रे. कोण जिंकलं?"

बहिणीचं घर, दुकान, भाऊजींची नोकरी, तो सुतार, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं, पण समोरचा माणूस डोळे न हलवता बघत होता. खोट्याला वाटच सापडेना.

"मी," तो म्हणाला. मग स्पष्ट म्हणाला, "मी जिंकलो, मालक."

मालकांनी ढीग त्याच्याकडे लोटला, उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "जा सगळे."

जिना उतरताना भाऊजी एवढंच बोलले, "हात दाखवून अवलक्षण केलंस."

त्यानंतर चष्मेवाल्याचा जीव टांगणीला लागला. दुकानाचं दार वाजलं की हातातली काच निसटायची. जागा खाली करायचा निरोप आज येईल, उद्या येईल. तो आला नाही. भाऊजींची नोकरीही राहिली. ठेकेदाराचं आणि डॉक्टरांचं वर येणं मात्र बंद झालं. मग एका शनिवारी भाऊजी दुकानात आले, बसलेसुद्धा नाहीत.

"उद्या बोलावलंय. एकट्यालाच."

तो गेला. टेबलाला आता दोनच खुर्च्या होत्या. मालकांनी पानं त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "टाकलेलं पान मी उलटून बघणार. लक्षात ठेव."

तेव्हापासून तो दर रविवारी जातो. कधी जिंकतो, कधी हरतो, पण खरं खेळतो. हरल्यावर मालक ओठ आवळून पानं पिसतात आणि त्या आवळलेल्या ओठांमागे काय आहे, हे त्याला अजून उमगलेलं नाही. वाईट पानं आली की त्याला बरं वाटतं. चांगली आली की अजूनही ती टाकून द्यावीशी वाटतात.

संध्याकाळी बहीण फोन करते. "जिंकलास की हरलास?" तो काहीही सांगो, तिचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मालक काय म्हणाले?"