मोजायचं पाणी

शहागडला हायवेच्या कडेला म्हस्कूचं चहाचं हॉटेल होतं आणि त्याच्या बोअरला इतकं खारं पाणी होतं, की पातेल्यात दूध पडायचा अवकाश, चहा फाटलाच. ट्रकवाले समोरच्या हॉटेलात जायचे. म्हस्कू त्यांनाही इथूनच हात करायचा, कारण माणूस मोठा अगत्याचा. पण नुसत्या अगत्यानं चहा सुधारत नाही.

त्याची मुलगी प्रांजली संभाजीनगरला विद्यापीठात शिकत होती. तिनं हॉटेलामागं उन्हात एक काचेचा डबा मांडला होता. आत बोअरच्या पाण्यावर काळाकुट्ट स्पंज तरंगत होता.

"अप्पा, ह्याला कार्बन लावलाय. त्याचे कण डोळ्याला दिसणार न्हाईत इतके बारीक. ते ऊन धरून ठेवतात, मंग वरच्या वर वाफ होती, काचेला लागून थेंब होतात अन् बाटलीत पडतात. मीठ मागंच राहतं."

म्हस्कूला यातलं ऊन तेवढं कळलं. तरी पोरगी सांगतेय म्हणून त्यानं मान जोरात हलवली.

आज तिच्या मॅडम पाणी तपासायला येणार होत्या. चांगलं निघालं तर हॉटेलावर मोठा डबा बसणार होता. नाहीतर हाही परत जाणार आणि प्रांजलीची सगळी मेहनत बाराच्या भावात. भरलेली बाटली गल्ल्यावर ठेवून ती मॅडमना आणायला फाट्यावर गेली.

इकडे म्हस्कूला वेगळीच काळजी लागली. पाहुणी येणार म्हणजे चहा आलाच, आणि मॅडमसमोर चहा फाटला तर पोरीची काय इज्जत राहील? तेवढ्यात त्याची नजर बाटलीवर गेली.

मॅडम आल्या, बसल्या, कप रिकामा करून म्हणाल्या, "वा! चहा फक्कड झालाय. आता पाणी बघू."

प्रांजलीनं गल्ल्याकडं पाहिलं. "अप्पा, बाटलीतलं पाणी कुठंय?"

"मॅडमला दिलं की! त्यांच्यासाठीच काढल्तं ना?"

"अहो, ते मोजायचं होतं!" तिला रडूच फुटलं.

"पण चहा फाटला का? मॅडम, तुमीच सांगा, फाटला का?"

"नाही फाटला, काका. पण हे मी रिपोर्टात कसं लिहू?"

म्हस्कूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमना त्याची दया आली असावी. "ऊन आहे अजून. थांबते मी," त्या म्हणाल्या.

प्रांजलीनं बाटली परत डब्याला लावली. म्हस्कू डोक्यावर टॉवेल घेऊन शेजारी उन्हात बसला आणि एकेक थेंब बघत राहिला. पोरगी त्याच्याकडं पाठ करून बसली. एक ट्रकवाला चुकून आत शिरला, तर म्हस्कूनं स्वतःच त्याला समोरच्या हॉटेलात धाडलं.

ऊन कललं तेव्हा बाटलीत बऱ्यापैकी पाणी जमलं होतं. ती काढून म्हस्कूनं हातात घेतली. मॅडम जांभई देत म्हणाल्या, "काका, आणखी अर्धा कप चहा मिळेल?"

जन्मात कुणाला नाही न म्हणालेल्या म्हस्कूनं बाटली छातीशी धरली. "न्हाई मॅडम. माफ करा. हे मोजायचं हाय."

हसत हसत मॅडमनी बाटलीत खारटपणा मोजायचं मीटर बुडवलं. आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "प्रांजली, मोठा डबा पाठवते. इथंच लावू."

प्रांजलीनं बाटली परत बापाच्या हातात दिली. "अप्पा, आता टाका चहा. माझाबी."

म्हस्कूनं घाईनं स्टो पेटवला, पण डोळे असे भरून आले होते, की साखरेचा डबा समोर असून त्याला दिसेना.