वर सरकत जाणारी गाठ

अगं, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. सेन्याच्या झाडावर कोणीतरी चढत होतं. चोरून!

सेन्याचं झाड म्हणजे टेकाडावरचा थोरला मेपल. त्यांच्या अख्ख्या शिकारीच्या कॅम्पात त्याच्यासारखं झाड नाही. हरणं दलदलीकडून येवोत नाहीतर ओढ्याकडून, जातात त्याच्या खालूनच. आधी ते तौनोमामाचं होतं. तौनोमामा म्हणजे सेन्याच्या आईचा धाकटा भाऊ, वीज कंपनीत वायरमन. खांबावर असा चढायचा की बघणाऱ्याला वाटावं, आत जिना आहे. पण जंगलात हार्नेसचं नाव काढलं की फिदीफिदी हसायचा. कामावर साहेब बघतात म्हणून पट्टे घालायचा, आणि इथे आला की म्हणायचा, "ही लंगोटं पोरांना बांधा."

आणि दोन वर्षांपूर्वी पडला. बर्फ नाही, वारा नाही, झाड कोरडं ठणठणीत. खोडात ठोकलेल्या पायऱ्यांवरून मचाणावर पाय टाकताना गेला की सरळ खाली. खुबा मोडला. आता कंपनीच्या गोदामात बसून तारांची भेंडोळी मोजतो, आणि कॅम्पात स्वयंपाक करतो. वर सांगतो काय, तर "मला हरणाचं मांस कधी आवडलंच नाही." म्हणजे बघ!

तेव्हापासून सेन्याच्या आजोबांनी नियमच केला. जमिनीवरून पाय उचलला की कडी अडकलेली पाहिजे. मेपलला वरपासून खालपर्यंत दोर सोडला आणि त्या दोरावर एक सरकती गाठ. तुझ्या हार्नेसची कडी त्या गाठीत अडकवायची आणि गाठ हाताने वर ढकलत ढकलत चढायचं. हाताने ढकललीस तर मुकाट सरकते. पण तू पडलीस, झटका बसला, की दोराला अशी चावते की सोडत नाही. उतरताना गाठ आपल्याबरोबर खाली आणायची आणि खालीच ठेवायची, म्हणजे पुढच्याला जमिनीवरच कडी लावता येते.

आणि यंदा आजोबा आपल्या नातीला, सेन्याला, म्हणाले होते, "तौनो काही आता चढत नाही. थोरला मेपल तू घे." दलदलीच्या कडेच्या त्या किडक्या देवदारावर चार हंगाम काढले होते गं तिने! तिथे फक्त डास येतात. तर ती ऑक्टोबरभर बेकरीतलं काम आटपलं की धनुष्य घेऊन मेपलवर. खरी बंदुकीची शिकार नोव्हेंबरात, पण आपलं झाड आपल्याला कळायला नको का?

तर एके दिवशी जाते, तर गाठ जागेवर नाही. वर. हात पोचणार नाही इतकी वर, दोरावर एकटीच लटकलेली.

तिला वाटलं, आपणच विसरलो. खोडाभोवतीचा पट्टा बांधला, चढली गाठीपर्यंत शिव्या घालत, कडी अडकवली. उतरताना गाठ खाली आणली, दोनदा बघितली. पुढच्या खेपेला जाते तर गाठ पुन्हा वर! आणि आधीपेक्षा वरच्या पायरीला!

आता तू सांग, डोकं फिरेल की नाही?

ती तडक उर्होकडे गेली. उर्हो म्हणजे मावसभाऊ, जिथे खोडी तिथे हा.

"तू माझ्या झाडावर चढतोस?"

"तुझ्या? अजून हंगाम उघडला नाही, आणि तुझं झालंसुद्धा?"

"उर्हो, खरं बोल."

"अगं बाई, त्या झाडाने वायरमनला खाली टाकलं. मला काय सोडेल? मी माझ्या ओकवर सुखी आहे."

खरं बोलत होता तो. खोटं बोलताना तो नाक खाजवतो.

मग तिने कॅमेरा लावला. आमच्याकडे प्रत्येकाकडे असतो तसा, झाडाला बांधायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. दोन दिवसांनी कार्ड काढून बघते तर काय, खारी. खारीचं तोंड, खारीची शेपटी, खार बी खाताना, खार बी पुरताना. कारण कॅमेराच फिरवलेला! शेजारच्या बर्चच्या झाडाकडे तोंड करून, पट्टा पुन्हा छान घट्ट बांधून. सगळ्यात पहिल्या फोटोत फक्त एक हातमोजा, पूर्ण पडदाभर.

चोर असता तर कॅमेराच नेला असता ना? हा कसला सभ्य माणूस? येतो, कॅमेऱ्याला मान वळवायला लावतो, चढतो, गाठ वर ठेवतो, जातो. आणि मचाणावर बसतसुद्धा नाही! ते तिला कसं कळलं माहितीये? सीटवर मेपलची पानं पडलेली असायची, ओली, चिकटलेली, एकही चुरगळलेलं नाही. कोणी बसलेलंच नाही. मग चढतो कशाला?

तिला झोप येईना. बेकरीत वेलदोड्याच्या पावाला वेणी घालताना गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येईना. मालकीणबाई म्हणाल्या, "कोण आहे तो मुलगा?" ही म्हणते, "तेच तर कळत नाहीये!"

गाठ मात्र चालली वर वर. दर खेपेला एखादी पायरी. आणि मग थांबली. अगदी शेवटच्या पायरीला. पुढच्या खेपेलाही तिथेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तिथेच.

सेन्या त्या दिवशी चढली, शेवटच्या पायरीवर उभी राहिली, आणि मचाणावर जायला डावा हात सोडला. तिथे एक क्षण असा येतो बघ, एक पाय हवेत, हात खोडावरून सुटलेला, आणि पलीकडचं अजून काही धरलेलं नाही. ती हजारदा गेली असेल तिथून. पण त्या दिवशी पाय हवेतच राहिला. कारण एकदम डोक्यात उजेड पडला. मामा इथूनच पडला होता. म्हणजे चोरून चढणारा मामाच!

ती बसली मचाणावर पानांवरच, आणि नुसती बसूनच राहिली. खालून दोन हरणं गेली, हिने बाणाला हातसुद्धा लावला नाही.

आता गोम कळली का तुला? मामा चढला तर झाड मामाचं. आमच्याकडे हंगामाच्या आदल्या संध्याकाळी सगळे टेबलाशी बसतात, आजोबा वयाप्रमाणे एकेकाला विचारतात, कुठलं झाड? ज्याने आधी तोंडातून काढलं त्याचं, मग भांडण नाही. मामाचा नंबर सेन्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ही गाठ शेवटची पायरी ओलांडून गेली की सेन्या परत डासांत. आणि तिने आधीच कुठे शब्द काढला, तर सिल्वीमामी मामाला कॅम्पात पाऊल टाकू देणार नाही. मामीने दवाखान्यात त्याच्याकडून वचन घेतलं होतं, पुन्हा झाड नाही म्हणून.

सेन्या गप्प बसली. चांगुलपणाने म्हणतेस? छे! तिला बघायचं होतं. पुढे काय होतं ते बघायचं होतं, बस.

हंगामाच्या आदल्या दुपारी ती सीट झाडायला निघाली. टेकाडाखाली पोचली आणि जागच्या जागी थिजली. मामा वर होता. शेवटच्या पायरीवर, हार्नेस घातलेला, कडी गाठीत, पट्टा खोडाभोवती, सगळं व्यवस्थित. पण दोन्ही हातांनी खोडाला मिठी, गाल सालीला टेकवलेला. हलत नव्हता. आणि झाडाशी बोलत होता गं, हळू आवाजात, आपण बिथरलेल्या घोड्याशी बोलतो तसं. "हं. हं. काही नाही. एक पाय. एकच तर पाय आहे."

हाक मारावी तर तो लाजेने मेला असता. निघून जावं तर अंधार पडायला आला होता, आणि तो किती वेळ तसाच उभा आहे कोण जाणे.

मग तिने काय केलं, ती चोरपावलांनी मागे गेली. ओढ्यापर्यंत. तिथून पुन्हा यायला लागली, पण आता असा गोंधळ घालत! वाळक्या काटक्या मोडतेय, बेसूर गातेय, दगडाला ठेच लागल्याचं सोंग करून बोंबलतेय. तिने मनात म्हटलं, याला उतरायला वेळ मिळू दे, मग मी म्हणेन, अरे मामा, तू इकडे कुठे?

झाडाखाली येऊन वर बघते, तर मामा मचाणावर! सीटवर! पायावर पाय टाकून!

"हळू की जरा," तो वरून म्हणाला. "कॅनडापर्यंतच्या हरणांना कळलं तू आलीस ते."

"मामा! ते माझं झाड आहे!"

"आहे ना. मी कुठे नाही म्हटलं? सीट नीट आहे का बघत होतो."

"मग? आहे?"

"आहे."

तो उतरेना. ही हलेना. वरचा बूट थरथरत होता, तिला खालून दिसत होता.

"थंडी वाजतेय मामा?"

"वारा आहे वर."

पान हलत नव्हतं.

शेवटी मामा म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "सेन्या, तुझा आवाज ऐकला आणि त्या भीतीनेच मला वर ढकललं. आता उतरायचं कसं ते काही सुचत नाहीये."

वीस वर्षं खांबावर काढलेला माणूस! सेन्या हसली नाही हं. तिने आपला पट्टा खोडाभोवती टाकला, चढली त्याच्या पायाखालपर्यंत, त्याचा डावा बूट हातात धरला आणि पायरीवर आणून टेकवला. "हा एक. आता वजन टाक. टाक ना! कडी लावलीये, पडून पडून जाशील कुठे? वीतभर!" मग दुसरा. मग पुन्हा पहिला. खाली आल्यावर मामा जमिनीवरच बसला आणि घामाने निथळत टोपीने तोंड पुसलं.

"गाठ वर का ठेवायचास रे?" तिने विचारलं. तिला तेच आधी हवं होतं!

"खाली ठेवली की मी खालीच कडी लावतो, वर बघतो आणि घरी जातो. दोनतीनदा झालं तसं. वर ठेवली की निदान ती आणायला तरी जावं लागतं."

"आणि मी? मला तिथपर्यंत दोराशिवाय चढावं लागायचं त्याचं काय?"

मामाचं तोंड उतरलं. "ते माझ्या डोक्यातच आलं नाही गं. पट्टा लावायचीस ना?"

"लावायची. पण शिव्या पण घालायची."

"त्या लागल्या मला." मग उठता उठता म्हणाला, "मामीला नको सांगूस."

"आणि आज रात्री झाड कुठलं सांगणार?"

तो लंगडत पुढे चालायला लागला.

संध्याकाळी सौना झाला, म्हणजे लाकडी खोलीतली वाफेची अंघोळ, सगळे लालबुंद होऊन टेबलाशी बसले, मामाने भाजलेल्या बटाटा-मांसाच्या पेस्ट्या, आपल्या मोठ्या करंज्यांसारख्या, समोर आल्या. आजोबांनी विचारायला सुरुवात केली. कोणी ओक म्हणालं, कोणी ओढ्याकाठचा बर्च. मामाचा नंबर आला. दोन वर्षं तो म्हणायचा, "माझी चूल," आणि सगळे हसायचे. उर्हो तर हसायला तोंड उघडून तयारच होता.

मामा म्हणाला, "थोरला मेपल."

अगं, काटे थांबले सगळ्यांचे.

सिल्वीमामीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कोण चढवणार तुला? क्रेन मागवलीस?"

"चढतो मी."

"वचन दिलं होतंस मला."

"दिलं होतं," मामा म्हणाला. "मोडलं. महिनाभर मोडतोय. पण प्रत्येक वेळी कडी नाहीतर पट्टा लावून, सिल्वी. एकदाही मोकळा नाही."

"बरं. चढतोस." मामी त्याच्याकडे टक लावून बघत होती. "आणि उतरतोस?"

मामा ताटाकडे बघायला लागला. मामी गर्रकन सेन्याकडे वळली. "तू दुपारी तिथेच गेली होतीस. तुझ्या जाकिटाला मेपलचं शेवाळ लागलंय आणि याच्याही. खरं सांग, हा आपला आपण उतरू शकतो?"

बघ आता. "हो" म्हणावं तर पहाटे हा माणूस एकटा, अंधारात, तिथे जाणार. झाडही गेलं. "नाही" म्हणावं तर झाड हिचं. पण मग ते खरं कोणाला वाटणार? सगळे म्हणणार, पोरीने झाडासाठी मामाचं नाक कापलं. खरं बोलायचं तरी लबाडी दिसते, अशी पंचाईत.

सेन्याने पेस्टीचा मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे चावेपर्यंत तरी बोलायला नको. चावला. चावला. सगळे बघतायत. शेवटी गिळला.

"उतरतो," ती म्हणाली. "पण उतरताना वरच्या पहिल्या पायरीला खालून कोणीतरी पाय धरायला लागतं. अजून लागतं. झाड त्यालाच द्या. मी खाली बसते, लांबून सगळ्यांना दिसेल असं नारिंगी जाकीट घालून, बुंध्याशी. बंदूक नको मला उद्या."

पहिला दिवस गं! वर्षभर ज्याची वाट बघतात तो! उर्होचं तोंड अजून उघडंच. मामीने दोघांकडे बघितलं, एकदा याच्याकडे, एकदा हिच्याकडे, आणि पुन्हा वाढायला लागली, पण नको म्हणाली नाही. आजोबा म्हणाले, "ठरलं. पुढे?"

आणि मामा? कान लालभडक. सगळ्यांदेखत तिने त्याचं सांगून टाकलं होतं ना, जे त्याने मामीला सांगू नको म्हटलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त हात पुढे केला आणि म्हणाला, "मीठ दे."

राग होता की दुसरं काही, ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही. पहाटे दोघं बरोबर गेली. मामा पुढे, कंदील घेऊन, ही मागे, मोकळ्या हातांनी. बुंध्याशी पोचल्यावर त्याने कडी अडकवली, ओढून बघितली, आणि चढला.

आता सांग, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?